खांदेरीच्या दीपगृहाचे चित्र काढायला जाताना

अलिबागजवळच्या थळच्या किनाऱ्यावरून समुद्रात दोन जलदुर्ग दिसतात. अलीकडचा उंदेरी आणि पलीकडचा खांदेरी. शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये खांदेरीची तटबंदी उभारायला घेतली आणि त्याच बेटावर १८६७ मध्ये दीपगृह आले. कान्होजी आंग्रे यांचे नाव मिळालेला हा पांढरा अष्टकोनी मनोरा छायाचित्रावरून नव्हे, तर समोर बसूनच रंगवावा, असे मला मनापासून वाटते.

बेट मुंबई बंदर प्राधिकरणाच्या ताब्यात असल्याने परवानगीची चौकशी आधी करावी. पावसाळा टाळावा. दिवस निवडताना वार नव्हे, तिथी पाहावी. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ ढोबळमानाने कळते, हा कोकणातला जुना हिशेब आहे. त्यानुसार एकादशीला सव्वाआठच्या सुमारास भरती आणि सव्वादोनच्या आसपास पूर्ण ओहोटी असते. म्हणजे सकाळी भरल्या पाण्यात निघता येते आणि दुपारी तटाखालचे कालवांनी खरबरीत झालेले काळे खडक रेखाटायला उघडे मिळतात. परतीची वेळ मात्र होडी चालवणाऱ्या तांडेलाच्या सल्ल्यानेच ठरवावी.

खरी कसोटी मनोऱ्याच्या पांढऱ्या रंगाची आहे. अष्टकोनाच्या एका वेळी फार तर चार बाजू दिसतात आणि प्रत्येकीवरचा उजेड वेगळा असतो. उन्हातली बाजू कोरा कागद म्हणून राखावी, तिच्या शेजारची अगदी फिकट पिवळसर ठेवावी आणि सावलीतल्या बाजूला काळा न मिसळता निळसर छटा द्यावी. तिच्या पायथ्याशी जमिनीवरून परतलेल्या उजेडाची ऊब दिसते, ती विसरू नये. हिवाळ्यात क्षितिजाजवळ धुरकट असते, त्यामुळे दुरून पाहिल्यास पांढरा मनोरा आभाळात विरतो. म्हणून टेकडीच्या उतारावर खाली बसून मान वर करून पाहावे, म्हणजे मनोऱ्यामागे वरचे गडद निळे आभाळ येते. अग्रभागासाठी किल्ल्यावरची चाकांच्या गाड्यावरची तोफ उत्तम आहे. वेताळाचे देऊळ कोळी बांधवांचे श्रद्धास्थान असल्याने ते रेखाटण्याआधी तिथे असलेल्यांना विचारावे.

दुपारनंतर खारे वारे वाढतात आणि मोठा फळा हातात ठरत नाही, तेव्हा लहान कागद, भक्कम चिमटे आणि तटाचा आडोसा यांवर भिस्त ठेवावी. रंगांसाठीही गोडे पाणी सोबत न्यावे, कारण समुद्राचे पाणी वाळल्यावर कागदावर मीठ उरते. होडीत तुषार उडतात. चित्रे प्लास्टिकमध्ये गुंडाळूनच चढावे.