‘डर्थ’ म्हणजे नेमके काय? खानदेशाच्या दुष्काळाचे जुने इंग्रजी कागद कसे वाचावेत

धुळे, जळगाव किंवा नंदुरबार जिल्ह्यातील एखाद्या गावाचा इतिहास लिहायला बसलेल्या अभ्यासकाला इंग्रजी अमदानीतील कागद टाळता येत नाहीत. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा खानदेशावरील बारावा खंड १८८० साली निघाला, आणि त्यानंतरचे महसुली व दुष्काळी अहवालही विपुल आहेत. त्या काळच्या इंग्रजी लेखनात पीकपाण्याच्या आपत्तीसाठी ‘ड्राउट’, ‘स्कॅर्सिटी’ आणि ‘फॅमिन’ हे शब्द वारंवार येतात, आणि मधूनच ‘डर्थ’ हा आज क्वचित भेटणारा शब्द येतो. मराठीत उतरवताना मात्र चारही शब्दांचा ‘दुष्काळ’ होतो, कारण आपला ‘दुष्काळ’ किंवा अहिराणीतला ‘दुकाय’ हा शब्द पाऊस हुकण्यापासून माणसे उपासमारीने मरण्यापर्यंतचे सारे काही पोटात घेतो. त्यामुळे जिथे मूळ लेखक केवळ बाजारभावाविषयी बोलत असतो, तिथे अनुवादात उपासमार घडते. हे टाळण्यासाठी पुढील पद्धत उपयोगी पडेल.

प्रथम उच्चार आणि व्युत्पत्ती पक्की करावी. डी-ई-ए-आर-टी-एच या त्याच्या लेखनावरून अनेक जण ‘डिअर्थ’ असे वाचतात. योग्य उच्चार ‘डर्थ’ असा आहे. महाग आणि प्रिय असे दोन्ही अर्थ असलेल्या ‘डिअर’ या विशेषणापासून हे भाववाचक नाम बनले. ‘वॉर्म’पासून ‘वॉर्म्थ’ बनते, तसेच. म्हणजे या शब्दाचा गाभा महागाईचा आहे, आणि धान्य महाग होते ते बहुधा ते कमी झाल्यामुळे, म्हणून कमतरतेचा अर्थ त्याला नंतर चिकटला. ‘महर्घता’ हा आपला संस्कृत शब्द त्याच्या सर्वांत जवळचा आहे; तो जड वाटत असेल, तर ‘धान्याची महागाई’ असे सरळ लिहावे.

यानंतर त्या वाक्याच्या आसपास भावाचे आकडे आहेत का, ते शोधावे, आणि इथे थोडे थांबून वाचावे, कारण सर्वाधिक घोटाळा इथेच होतो. जुन्या गॅझेटिअरांत धान्याचा भाव ‘रुपयाला इतके पौंड’ असा दिलेला असतो. समजा, एका वर्षी ज्वारीपुढे ४० आणि पुढच्या वर्षी २० हा आकडा आहे. आजच्या सवयीने वाचणाऱ्याला भाव निम्म्यावर आला असे वाटते, परंतु प्रत्यक्षात तो दुप्पट झालेला असतो, कारण पूर्वी ज्या रुपयाला ४० पौंड ज्वारी मिळत होती त्याच रुपयाला आता २० पौंड मिळते. आकडा जितका खाली जाईल, तितकी महागाई वर जाते. अशा कोष्टकाच्या शेजारी ‘डर्थ’ हा शब्द आला, तर तो भावाबद्दल आहे असे बहुतेक वेळा निश्चित समजावे. जुन्या मराठी कागदांत धान्याच्या भावाला ‘धारण’ म्हणत; ज्यांना मोडी वाचता येते, त्यांनी त्याच वर्षाची धारण मिळाल्यास ती अवश्य ताडून पाहावी.

‘ड्राउट’ ओळखणे सोपे आहे. तो कोरडेपणाचा, पावसाचा शब्द आहे आणि त्यासाठी ‘अवर्षण’ हाच प्रतिशब्द वापरावा. अवर्षण आभाळाचे असते, महर्घता बाजाराची, आणि दोन्ही एकाच वेळी येतीलच असे नाही. १८६० च्या दशकात खानदेशातून रेल्वे धावू लागली, तेव्हापासून पाऊस हुकलेल्या भागात बाहेरचे धान्य आणणे शक्य झाले. उलट बाहेरून मागणी वाढली, की पाऊस चांगला झालेल्या गावातही ज्वारी-बाजरी महाग होऊ लागली. म्हणून ‘डर्थ’ दिसताच त्या वर्षी पाऊस पडला नव्हता असे लिहून टाकणे चुकीचे आहे. पावसाची नोंद स्वतंत्रपणे पाहावी.

‘फॅमिन’ या शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधील भुकेचा शब्द आहे. तो वापरला असेल तेव्हा उपासमार, गावे सोडून जाणारी माणसे आणि मृत्यू यांच्या नोंदी जवळपास असायला हव्यात. या शब्दासाठी मला ‘दुर्भिक्ष’ योग्य वाटतो, कारण भीक मागूनही अन्न मिळू नये इतकी ती स्थिती असते. दुर्भिक्षाला अवर्षणच लागते असेही नाही. १८०२ साली होळकरांच्या फौजांनी खानदेश उद्ध्वस्त केला आणि त्यापाठोपाठ या प्रदेशावर भीषण दुर्भिक्ष कोसळले. त्याचे मुख्य कारण लष्करी लूट आणि उजाड झालेली शेती हे होते. अशा प्रसंगाला नुसते ‘कोरडा दुष्काळ’ म्हटले, तर माणसांनी केलेल्या विध्वंसाचा दोष पावसाच्या माथी जातो. हे शब्द काटेकोरपणे वेगळे ठेवण्याची परंपरा इंग्रजीत जुनी आहे. अर्थशास्त्रज्ञ अॅडम स्मिथ यांनी १७७६ साली असे मांडले, की ‘डर्थ’ ही खऱ्या तुटवड्यातून येते, तर ‘फॅमिन’ हे त्या महर्घतेवर सरकारने केलेल्या चुकीच्या, बळजबरीच्या उपायांतून ओढवते. त्यांचे मत कोणी मान्य करो वा न करो, या विधानात दोन्हींच्या जागी ‘दुष्काळ’ घातला, तर त्याचा काहीच अर्थ उरत नाही.

‘स्कॅर्सिटी’ हा शब्द सर्वांत फसवा आहे. साध्या गद्यात तो ‘टंचाई’ एवढेच सांगतो, पण सरकारी कागदात तो एक पारिभाषिक दर्जा असतो. १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर तयार झालेल्या संहितांमध्ये, म्हणजे दुष्काळ-निवारणाच्या सरकारी नियमावल्यांमध्ये, ‘स्कॅर्सिटी’ आणि ‘फॅमिन’ या वेगवेगळ्या पायऱ्या मानल्या गेल्या. पुढे महाराष्ट्राने १९६३ साली कायदा करून राज्यातील कायद्यांतून ‘फॅमिन’ हा शब्दच काढून टाकला आणि त्याच्या जागी ‘स्कॅर्सिटी’ घातला. याचा परिणाम असा, की १९७२ सालच्या ज्या आपत्तीला खानदेशातील म्हातारी माणसे आजही ‘बहात्तरचा दुष्काळ’ म्हणतात, तिच्या सरकारी इंग्रजी कागदांत ‘फॅमिन’ न सापडणे स्वाभाविक आहे. शब्द नाही, म्हणून आपत्ती सौम्य होती असा निष्कर्ष काढणे हा त्या पिढीवर अन्याय ठरेल. तेव्हा कागद १९६३ च्या आधीचा की नंतरचा, हे पाहिल्याशिवाय ‘स्कॅर्सिटी’चे भाषांतर करू नये.

जिल्ह्याच्या नावाचेही असेच आहे: १९०६ साली खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले, म्हणून त्याआधीच्या कागदातील ‘खानदेश जिल्हा’ म्हणजे हा सगळा पट्टा होय.

आजच्या इंग्रजीत ‘डर्थ’ धान्याला सोडून बराच दूर गेला आहे. चांगल्या शिक्षकांची, विश्वसनीय माहितीची किंवा नव्या कल्पनांची ‘डर्थ’ असे लिहिले जाते, आणि त्यासाठी मराठीत ‘वानवा’ हा नेमका शब्द आहे. ‘शॉर्टेज’ म्हणजे तुटवडा. तो गरजेच्या तुलनेत मोजता येतो, म्हणून २०० पोत्यांचे ‘शॉर्टेज’ असे म्हणता येते, २०० पोत्यांची ‘डर्थ’ असे म्हणता येत नाही. ‘लॅक’ म्हणजे अभाव, आणि तो पूर्णही असू शकतो. ‘डर्थ’मध्ये मात्र बहुधा थोडेफार शिल्लक असते. ‘पॉसिटी’ हा त्याहून दुर्मीळ शब्द पुराव्याच्या किंवा साधनांच्या तोकडेपणासाठी येतो. उन्हाळ्यात टँकरवर विसंबलेल्या गावाविषयी इंग्रजीत लिहायचे असेल, तर ‘वॉटर स्कॅर्सिटी’ हाच प्रयोग करावा. तिथे ‘डर्थ’ कृत्रिम वाटतो.

अनुवाद करताना प्रत्येक शब्दासाठी एकच प्रतिशब्द ठरवून तो शेवटपर्यंत पाळावा आणि पहिल्या उल्लेखाच्या ठिकाणी तळटीप देऊन मूळ शब्द देवनागरीत नोंदवावा. एकाच परिच्छेदात मूळ लेखकानेच दोन शब्दांची सरमिसळ केली असेल, तर ती आपल्या पदरचे शब्द घालून दुरुस्त करू नये. जशी आहे तशी ठेवून तळटीपेत त्याच वर्षाचा पाऊस, धान्याचे भाव आणि मृत्यूंच्या नोंदी द्याव्यात.