प्रगतीपुस्तक वाचताना या चुका टाळा

प्रगतीपुस्तक हातात आलं की नजर थेट तळाशी जाते: एकूण गुण, टक्के, क्रमांक. पुढची सगळी बोलणीही तिथूनच सुरू होतात. वास्तविक त्या कागदावरचा सगळ्यात कमी बोलका आकडा तोच असतो. समजा दोन मुलांना सारखेच ७० टक्के आहेत. एकाला प्रत्येक विषयात सत्तरच्या आगेमागे गुण. दुसरीला भाषांमध्ये नव्वदीच्या घरात आणि गणितात ४६. पहिल्याची अभ्यासाची एकंदर पद्धतच बघावी लागेल. दुसरीला फक्त गणितात, तेही बहुधा दोन-तीन प्रकरणांत, हात द्यावा लागेल. एकूण टक्केवारीने मात्र दोघांना एकाच रांगेत बसवलं.

प्राथमिक वर्गांत हे फारसं बाधत नाही. तिथे बहुतेक विषय एकच बाई किंवा सर शिकवतात आणि त्यांना मूल आरपार माहीत असतं. माध्यमिकला आल्यावर विषयागणिक शिक्षक बदलतात. कुणी सढळ हाताने गुण देतं, कुणी अर्ध्या गुणासाठीही तरसवतं. त्यामुळे इतिहासातले ७५ आणि विज्ञानातले ६५ शेजारी ठेवून ‘याला विज्ञान जमत नाही’ असा निष्कर्ष काढणं घाईचं ठरतं. विज्ञानाची तुलना करायची तर वर्गातल्या विज्ञानाच्याच गुणांशी.

‘मागच्या वेळी ८२ होते, आता ७४!’

सगळ्यात जास्त वाद या एका वाक्यावरून होतात. पण दोन पेपर सारखे कठीण होते का, हे कुणी विचारत नाही. समजा पहिल्या परीक्षेत वर्गाची सरासरी ७८ होती आणि दुसऱ्या परीक्षेत ६२. म्हणजे मूल आधी सरासरीच्या ४ गुण पुढे होतं, आता १२ गुण पुढे आहे. घरी मात्र त्याची कानउघाडणी झाली.

तेव्हा वर्गाची सरासरी विचाराच. आणि ती मिळाल्यावर तिच्यावरही डोळे मिटून विश्वास ठेवू नका. पाच जणांच्या गटात ७८, ७५, ७४, ७२ आणि ११ असे गुण पडले तर सरासरी येते ६२, पण त्या गटात साठीच्या आसपास कुणीच नाही. एकाच्या ११ गुणांनी सगळ्यांची सरासरी खाली खेचली. गुण उतरत्या क्रमाने लावून बरोबर मधला पाहिला तर तो ७४ निघतो. आता ७४ मिळवणारं मूल सरासरीच्या पुढे की अगदी मध्यावर? पालकसभेत ‘सरासरी किती?’ याच्या जोडीने ‘बहुतेक मुलं किती ते किती गुणांच्या दरम्यान आहेत?’ असंही विचारावं.

पर्सेंटाइलचा घोळ वेगळाच. ९० पर्सेंटाइल म्हणजे ९० टक्के गुण नव्हेत. परीक्षा दिलेल्यांपैकी साधारण ९० टक्के मुलं आपल्या मुलाच्या मागे आहेत, एवढंच ते सांगतं. पेपर कठीण असेल तर ६० टक्के गुणांवरही ९० पर्सेंटाइल येऊ शकतं. शिवाय बहुतेक मुलं मधल्या पट्ट्यात दाटीवाटीने असतात. तिथे दोन-तीन गुणांच्या फरकाने क्रमांक दहा-बाराने हलतो. वर्गात अठराव्यावरून सत्ताविसाव्या क्रमांकावर गेलेल्या मुलाच्या अभ्यासात काडीचाही फरक पडलेला नसू शकतो.

श्रेण्यांचंही तसंच. एक श्रेणी ६० ते ६९ची असेल तर ६१वरून ६९वर पोचलेल्या मुलाची आठ गुणांची मेहनत कागदावर दिसतच नाही. ६९वरून ७०वर गेलेल्याचं मात्र कौतुक होतं. शक्य तिथे श्रेणीमागचे मूळ गुण मागून घ्या.

रागावलो म्हणून सुधारला?

एका परीक्षेत गुण कोसळले, घरात आरडाओरडा झाला, पुढच्या परीक्षेत गुण वाढले. पालकांची खात्री पटते: ओरडल्याशिवाय हा अभ्यास करत नाही. उलट, चांगल्या निकालानंतर पाठ थोपटली आणि पुढचा निकाल जरा उतरला की वाटतं, कौतुकाने डोक्यात हवा गेली.

मानसशास्त्रज्ञ डॅनिअल कानेमन (२००२चे अर्थशास्त्राच्या नोबेलचे एक मानकरी) इस्रायली हवाई दलाच्या प्रशिक्षकांशी बोलत असताना नेमका हाच युक्तिवाद त्यांच्यासमोर आला. उत्तम कसरत केलेल्या वैमानिकाची स्तुती केली की पुढची कसरत बिघडते, खराब करणाऱ्याला झापलं की ती सुधारते, असं एका प्रशिक्षकाचं म्हणणं होतं. निरीक्षण खरं होतं, कारण चुकीचं. कोणत्याही कामगिरीत कौशल्याबरोबर योगायोगाचाही वाटा असतो. फारच वाईट गेलेल्या दिवसानंतरचा दिवस बहुधा नेहमीसारखा जातो, फारच चांगल्या दिवसानंतरचाही. झापलं काय, न झापलं काय. फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८६मध्ये आईवडील आणि मुलांच्या उंचीची आकडेवारी मांडून टोकाकडून सरासरीकडे येण्याचा हाच कल दाखवला होता.

पेपरातही योगायोग असतोच. नेमकं वाचलेलं प्रकरण येतं, किंवा नेमकं सोडलेलं. म्हणून एका निकालावरून ‘प्रगती’ किंवा ‘घसरण’ ठरवू नये. एका विषयाच्या निदान तीन-चार परीक्षांचे गुण एका ओळीत लिहावेत, प्रत्येकाखाली वर्गाची सरासरी लिहावी आणि दोन्हींतलं अंतर कसं बदलतंय ते पाहावं. ते अंतर सलग तीनदा एकाच दिशेने सरकलं तर विचारपूस करायला हवी. वर-खाली होत राहिलं तर काही दिवस गप्प बसलेलं उत्तम.

उत्तरपत्रिका न पाहताच इलाज

माझ्या मते ही सगळ्यात महागडी चूक. गणितात ८०पैकी ५४ मिळाले की लगेच शिकवणीची चौकशी सुरू होते. हे २६ गुण गेले कुठे, ते तपासेपर्यंत कुणाला धीर नसतो.

उत्तरपत्रिका आणि प्रश्नपत्रिका घेऊन मुलाबरोबर बसा. गेलेल्या प्रत्येक गुणाशेजारी एक कारण लिहा: येतच नव्हतं, येत होतं पण चुकलं, प्रश्नच नीट वाचला नाही, वेळ पुरला नाही. समजा हिशेब असा निघाला: शेवटचे दोन प्रश्न कोरे, ११ गुण, शाब्दिक उदाहरणांची मांडणी चुकली, ७ गुण, अधिक-उणे चिन्हांच्या गफलती, ६ गुण, एकक लिहिलं नाही, २ गुण. आता ‘गणित कच्चं आहे’ हे वाक्य टिकतं का? खरी शिकवण्याची गरज शाब्दिक उदाहरणांपुरती, म्हणजे ७ गुणांची आहे. ११ गुणांसाठी घड्याळ लावून पेपर सोडवण्याचा सराव लागेल, बाकीच्या ८ गुणांसाठी शेवटची पाच मिनिटं तपासणीला राखायची सवय. शिकवणी लावली असती तर तिथे सगळी प्रकरणं पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली असती.

‘येत होतं पण चुकलं’ या रकान्याकडे मात्र संशयाने बघा, मुलं सगळंच त्यात ढकलतात. तोच प्रश्न आकडे बदलून तिथल्या तिथे सोडवायला द्या, लगेच कळतं.

उत्तरपत्रिका घरी मिळत नसेल तर शाळेत बसून पाहण्याची परवानगी मागावी. तेही जमत नसेल तर किमान प्रश्नवार गुण तरी विचारावेत.

आता अंतर्गत गुण. प्रकल्प, तोंडी, वही यांचे गुण लेखी परीक्षेच्या गुणांत मिसळले की चित्र गोड दिसतं. १००पैकी ६२ ठीकच वाटतात. त्यात २०पैकी १९ अंतर्गत असतील तर लेखीत ८०पैकी ४३ उरतात, म्हणजे ५४ टक्क्यांच्याही किंचित खाली. उलटही घडतं: लेखीत उत्तम, पण प्रकल्प वेळेवर न दिल्याने एकूण गुण घसरलेले. दोन्ही आकडे सुटे करूनच पाहावेत.

शेरे

‘क्षमता आहे, पण सातत्य हवे.’ हा शेरा इतक्या प्रगतीपुस्तकांवर असतो की त्यावरून काही ठरवणं अवघडच. अशा वेळी ‘आम्ही घरी काय करू?’ असं मोघम विचारलं की ‘अभ्यास घ्या’ असं मोघम उत्तर मिळतं. त्याऐवजी विचारा: सातत्य नाही हे तुम्हाला कशावरून जाणवलं? गृहपाठ अपुरा असतो का? वर्गात प्रश्न विचारतो का? पुढच्या परीक्षेआधी एकच प्रकरण पक्कं करायचं तर कोणतं?

शेऱ्यांकडे दुर्लक्ष होतं कारण शेजारी आकडा असतो. रूथ बटलर यांनी १९८८मध्ये इस्रायलमधल्या पाचवी-सहावीच्या मुलांवर केलेला अभ्यास यासाठी प्रसिद्ध आहे. ज्यांना फक्त शेरे मिळाले त्यांची कामगिरी सुधारली. फक्त गुण मिळालेल्यांची सुधारली नाही, आणि गुण व शेरे दोन्ही मिळालेल्यांचीही नाही. घरी निदान क्रम तरी उलटा करता येतो: आधी शेरा वाचा, मुलाला तो पटतो का विचारा, आकड्यांकडे नंतर वळा.

सगळ्याच विषयांत एकदम घसरण

एक विषय घसरला तर कारण बहुधा त्या विषयातच सापडतं. सगळे एकदम घसरले तर पुस्तकांत शोधून उपयोग नाही. फळ्यावरचं नीट दिसतं का, ऐकू येतं का, रात्री किती वाजता झोप लागते? १३ ते १८ वयाच्या मुलांना ८ ते १० तास झोप लागते, असं झोपेचे तज्ज्ञ सांगतात. मित्रमंडळी बदलली आहेत का, शाळेत कुणी छळतं का, हेही हळूच काढून घ्यावं. हजेरीचा रकाना पाहा. चुकलेले दिवस सलग असतील तर त्या आठवड्यांत कोणती प्रकरणं झाली ते शाळेला विचारा, अर्धं उत्तर तिथेच असतं.

धडा वाचून दाखवला तर मुलाला सगळं कळतं, पण स्वतः वाचून उत्तर लिहिता येत नाही, असं दिसलं तर ‘लक्ष देत नाही’ म्हणण्याआधी वाचनाची रीतसर तपासणी करून घ्या. माध्यमिकमध्ये मजकूर वाढतो. तोवर हुशारीने आणि पाठांतराने झाकलेली वाचनाची अडचण अनेकदा तिथेच पहिल्यांदा उघडी पडते.