ऑपरेशनआधी स्वतःचंच रक्त साठवायचं असेल तर

सोय सगळ्यांसाठी नाही, हे आधी समजून घ्या. हर्निया, पित्ताशय, मोतीबिंदू अशा ऑपरेशनांत रक्त लागतच नाही, मग साठवून काय करणार? गुडघा बदलण्यातही ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड या रक्तस्राव रोखणाऱ्या औषधामुळे रक्तस्राव बराच आटोक्यात आला आहे. खरा उपयोग होतो तो मणक्याच्या किंवा खुब्याच्या मोठ्या, दुसऱ्यांदा होणाऱ्या ऑपरेशनात, आणि ज्यांना जुळणारं रक्त मिळणंच कठीण आहे त्यांना. १९५२ साली मुंबईत डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी नोंदवलेला 'बॉम्बे' रक्तगट हे त्याचं ठळक उदाहरण. या गटाच्या लोकांना 'ओ' गटाचं रक्तही चालत नाही.

सर्जन आणि भूलतज्ज्ञ यांच्याकडून किती पिशव्या लागतील ते लिहून घ्या आणि ती चिठ्ठी घेऊन रक्तपेढीत जा. हिमोग्लोबिन निदान ११ ग्रॅम हवं. अंगात ताप किंवा कुठलाही जंतुसंसर्ग असेल तर रक्त घेत नाहीत, कारण पिशवीत गेलेले काही जंतू फ्रीजच्या थंडीतही वाढतात. अगदी दाताचा गळू असला तरी सांगा, लपवू नका. अस्थिर अंजायना (हृदयाला रक्त कमी पडल्याने आराम करतानाही येणारी छातीतली कळ), महाधमनीची झडप खूप अरुंद असणं, नुकताच आलेला हार्ट अटॅक किंवा पक्षाघात, अशांनी या वाटेला जाऊ नये.

आता तारखा. बहुतेकांचं इथेच चुकतं. सीपीडीए-१ (रक्त गोठू न देणारं, टिकवणारं द्रावण) असलेल्या पिशवीतलं रक्त ३५ दिवस टिकतं, एसएजीएम हे पेशी टिकवणारं द्रावण मिसळलेल्या तांबड्या पेशी ४२ दिवस. शेवटची पिशवी ऑपरेशनच्या किमान ७२ तास आधी द्यावी असा नियम आहे, पण तो किमान आहे. एका पिशवीमागे हिमोग्लोबिन साधारण १ ग्रॅमने उतरतं आणि ते भरून यायला काही आठवडे लागतात. चार दिवस आधी रक्त दिलंत तर ते शरीरातून काढून फ्रीजमध्ये ठेवण्यापलीकडे काही साधलं नाही. उलट टेबलावर जाताना रक्त कमी, म्हणून रक्त चढवावं लागण्याची शक्यता जास्त. दोन पिशव्या हव्या असतील तर पहिली सुमारे साडेचार आठवडे आधी आणि दुसरी त्यानंतर आठवड्याने द्यावी; मग रक्त भरून यायला ऑपरेशनपर्यंत तीन आठवड्यांहून थोडे जास्त दिवस मिळतात. तारीख पक्की झाल्याशिवाय मात्र सुरुवात करू नका. ऑपरेशन पुढे ढकललं की पिशवीची मुदत संपते.

४५० मिलीच्या पिशवीबरोबर २०० ते २५० मिलिग्रॅम लोह जातं. त्यामुळे लोहाच्या गोळ्या पहिल्या पिशवीआधीच सुरू झालेल्या बऱ्या. फेरिटिनची (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी) तपासणी करून डोस डॉक्टर ठरवतील. गोळी रिकाम्या पोटी, लिंबूपाण्याबरोबर घ्यावी. चहा, दूध आणि कॅल्शियमची गोळी दोन तास लांब ठेवा. शौच काळी होते, त्याने घाबरू नका.

रक्त द्यायच्या दिवशी उपाशी जाऊ नका, पाणी भरपूर प्या. रक्तदाबाची किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगा. स्वतःच्या मनाने बंद करू नका. वजन ४५ किलोच्या आसपास असेल तर ३५० मिलीचीच पिशवी घेतात. दिल्यावर दहा-पंधरा मिनिटं आडवं राहा, चक्कर येते ती बहुधा घाईने उठल्यावर.

पिशवीवर नाव, रुग्णालयाचा नोंदणी क्रमांक, रक्तगट, तारीख आणि 'फक्त याच रुग्णासाठी' असा शिक्का आहे ना, हे स्वतः वाचून मगच सही करा. 'आपलंच रक्त' म्हणून चढवताना पडताळणी सैल होते आणि दुसऱ्याची पिशवी लागण्याचा धोका इथेही तेवढाच असतो. नातेवाईकांपैकी एकाने तो क्रमांक जवळ ठेवावा. रक्त चढवायचं ते गरज असेल तरच. साठवलंय म्हणून नाही.

न वापरलेली पिशवी सहसा दुसऱ्याला देत नाहीत, नष्ट करतात. तिचा खर्च कोण भरणार, ते पहिल्याच दिवशी विचारून घ्या.