नऊ हजार फायली समोर असताना: दस्तऐवज सुगम्य करण्याच्या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

पहिलं काम हाती आलं ते एका चाळीसेक पानी अहवालाचं: तो दृष्टिहीन आणि इतर अपंग माणसांनाही वापरता येईल असा, म्हणजे ‘सुगम्य’, करायचा होता. पीडीएफ उघडायची, प्रत्येक शीर्षकाला, परिच्छेदाला, तक्त्याला टॅग लावायचा, चित्रांना वर्णन द्यायचं. दोन दिवस लागले, आणि काम छान झाल्याचं समाधानही मिळालं. तिसऱ्या दिवशी कळलं की अशाच आणखी 9,000 फायली आहेत. हिशोब केला: एका फाईलला दोन दिवस, वर्षाचे कामाचे 240 दिवस, म्हणजे 75 वर्षं. तेव्हा पटलं की चांगली फाईल करता येणं वेगळं आणि ढीगभर फायली माणसांच्या उपयोगी पाडणं वेगळं. तुम्ही या कामात येत असाल तर हा फरक पहिल्याच आठवड्यात समजून घ्या.

आधी ‘टॅग’ म्हणजे काय ते सांगतो. पीडीएफला मुळात एवढंच ठाऊक असतं की कोणतं अक्षर पानावर कुठे काढायचं. मोठं ठळक वाक्य हे शीर्षक आहे, हे तिला कळत नाही. ते आपले डोळे ठरवतात. टॅग म्हणजे ही माहिती फाईलच्या आत लिहून ठेवणं. ही सोय 2001 पासून, पीडीएफच्या 1.4 आवृत्तीपासून आहे, आणि सुगम्य पीडीएफ कशी असावी याचं पीडीएफ/यूए हे आंतरराष्ट्रीय मानक 2012 साली आलं. तरीही आज समोर येणाऱ्या ढिगात बिनटॅगच्या फायलीच जास्त सापडतात.

टॅग नसला की काय होतं ते मला एका दृष्टिहीन सहकाऱ्यामुळे कळलं. औषधाच्या माहितीपत्रकातला एक तक्ता होता: वय, वजन आणि मात्रा असे तीन स्तंभ. त्यांनी स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, लावला आणि तो तक्ता मला ऐकवला. “वय वजन मात्रा 1 ते 3 4 ते 6 10 ते 14 15 ते 20 5 10.” सगळं एका दमात. मी पडद्याकडे बघत होतो, म्हणून मला अर्थ लागत होता. त्यांनी विचारलं, “मग पाच मिली नक्की कोणाला द्यायचं?” माझ्याकडे उत्तर होतं, फाईलकडे नव्हतं. आम्ही तक्त्याच्या वरच्या ओळीला आणि पहिल्या स्तंभाला शीर्षक-कप्प्यांचे टॅग लावले. मग ते कंट्रोल, ऑल्ट आणि बाणाची कळ दाबत एकेका कप्प्यात गेले, आणि आकड्यासोबत तो कोणत्या वयाचा, कोणत्या स्तंभातला हेही ऐकू येऊ लागलं. ते ऐकलं, आणि त्यानंतर एकही तक्ता वरवर तपासून पुढे जायची माझी हिंमत झाली नाही.

आता ढिगाकडे. दुरुस्तीला हात घालण्याआधी मोजणी करा. कोणत्या फायली नुसते स्कॅन आहेत, कोणत्यांत मजकूर आहे पण टॅग नाहीत, कोणत्यांत टॅग असूनही वाचनाचा क्रम विस्कटलेला आहे, ही वर्गवारी बऱ्याच अंशी छोट्या प्रोग्रामने होते. मग डुप्लिकेट काढा. एकाच परिपत्रकाच्या चार-पाच प्रती निघतात, तिथेच बराच भार हलका होतो. उरलेल्यांतून माणसाला ज्याच्यावाचून अडतं ते आधी घ्या: अर्ज, नियम, आरोग्याची माहिती, परीक्षेचं साहित्य. वर्षानुवर्षं कोणी न उघडलेल्या जुन्या फायलींसाठी ‘मागितल्यावर इतक्या दिवसांत सुगम्य प्रत देऊ’ अशी व्यवस्था चालते. पण ती मागणी खरंच कुणाच्या तरी टेबलावर पोचली पाहिजे आणि दिलेल्या मुदतीत पुरी झाली पाहिजे. नाहीतर ती फसवणूक आहे.

स्कॅन म्हणजे पानाचा नुसता फोटो, म्हणून त्याला ओसीआर लागतो, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर करणं. टेसरॅक्ट हे खुलं सॉफ्टवेअर मराठीही वाचतं; पान सरळ आणि स्कॅनची स्पष्टता 300 डीपीआयच्या (इंचाला 300 ठिपके) आसपास असेल तर निकाल बरा येतो. पण ओसीआरने मजकूर मिळतो, रचना मिळत नाही. ओसीआर झाला म्हणजे फाईल सुगम्य झाली, हा नव्या माणसाचा ठरलेला गैरसमज.

देवनागरीचं दुखणं आणखी निराळं. जुन्या फॉन्टमधली फाईल डोळ्यांना अगदी व्यवस्थित दिसते, पण आत भलतंच असतं. कृतिदेव या अशाच एका फॉन्टमध्ये टाइप केलेला ‘मराठी’ हा शब्द फाईलच्या पोटात ई, जे, के, बी, एच अशी इंग्रजी अक्षरं असतो, आणि स्क्रीन रीडर बिचारा तेच वाचतो. अशा फायली वेगळ्या काढून युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, बदलाव्या लागतात. कन्व्हर्टर वापरा, पण नंतर माणसाने वाचाच: रफार आणि पहिली वेलांटी हमखास घसरतात, आणि मधले खरे इंग्रजी शब्द अगम्य देवनागरी होऊन बसतात. शेवटी दस्तऐवजाची भाषा ‘मराठी’ अशी नोंदवा. ती नोंद नसली तर स्क्रीन रीडरला कोणता आवाज लावायचा ते समजत नाही.

सगळ्यात जास्त फळ मिळतं ते उगमाशी काम केल्यावर. वर्डमध्ये शीर्षक नुसतं ठळक आणि मोठं न करता हेडिंगची स्टाइल लावली, आणि ‘प्रिंट’मधून पीडीएफ न काढता ‘सेव्ह ॲज’ने काढली, तर निम्मं काम आपोआप होतं, प्रिंटच्या वाटेने टॅग गळून पडतात. बिलं, विवरणपत्रं अशी यंत्रातून निघणारी कागदपत्रं असतील तर एक टेम्प्लेट नीट केला की पुढची प्रत्येक प्रत नीट निघते. म्हणून फायली बनवणाऱ्या लोकांच्या शेजारी जाऊन बसा. त्यांना नियमावली पाठवू नका, त्यांचीच फाईल स्क्रीन रीडरवर ऐकवा.

यंत्राच्या तपासणीवर किती विसंबायचं? एका ठिकाणी मी अख्खा गठ्ठा तपासणीत उत्तीर्ण झालेला पाहिला. उघडून बघतो तो प्रत्येक आलेखाचं वर्णन ‘चित्र 1’, ‘चित्र 2’. वर्णन आहे की नाही हे यंत्र बघतं, ते उपयोगी आहे का हे नाही. पीडीएफ/यूए तपासण्यासाठी मॅटरहॉर्न प्रोटोकॉल आहे. त्यात चुकांचे 136 प्रकार दिले आहेत आणि त्यांतल्या 47 प्रकारांना सहसा माणसाचाच निर्णय लागतो. आलेखाचं वर्णन लिहिताना रंग आणि आकार सांगत बसू नका. तो आलेख काय सांगतो ते लिहा. निव्वळ शोभेची नक्षी असेल तर ती वाचनातून वगळा.

आणि हे काम फक्त दृष्टिहीनांसाठी नाही. कमी दिसणाऱ्याला अक्षर आणि पार्श्वभूमी यांत किमान 4.5:1 इतका कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजळपणातला फरक, लागतो. ज्यांना माऊस धरता येत नाही, त्यांना अर्जाच्या रकान्यांतून टॅब कळीने योग्य क्रमाने जाता यायला हवं.

सुरुवात करायची तर एनव्हीडीए उतरवून घ्या. हा स्क्रीन रीडर मोफत आहे, 2006 पासून विकसित होतो आहे. रोज तासभर मॉनिटर बंद करून तो वापरा. एच दाबून शीर्षकांवरून, टी दाबून तक्त्यांवरून, के दाबून लिंकवरून उड्या मारा. डब्ल्यूसीएजी या वेबवरच्या मजकुराच्या सुगम्यतेच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांची 2023 ची 2.2 आवृत्ती त्यानंतर वाचा. प्रत्येक कलम कशासाठी आहे ते कानांना आधीच ठाऊक असेल. आणि प्रत्येक गठ्ठ्यातल्या निदान काही फायली रोज स्क्रीन रीडर वापरणाऱ्या माणसाकडून, रीतसर मोबदला देऊन, तपासून घ्या. माझे ते सहकारी आजही प्रत्येक गठ्ठ्यात सगळ्यात आधी तक्ते उघडतात.