विभागातले कॉम्प्युटर, नेट आणि बॅकअप : या चुका टाळा

विद्यापीठाच्या एखाद्या विभागात जाऊन विचारा, "तुमचा बॅकअप कुठं असतो?" निम्म्या वेळा बोट एका काळ्या एक्स्टर्नल हार्ड डिस्ककडे जातं. ती डिस्क त्याच कॉम्प्युटरच्या मागं, त्याच यूएसबीला वर्षभर लागलेली असते. तिला बॅकअप म्हणू नका. रॅन्समवेअर (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) शिरलं की जोडलेल्या डिस्क आणि शेअर केलेले फोल्डरही कुलूपबंद होतात. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचा असाच व्हायरस जगभर पसरला. तो ज्या भोकातून शिरला, ते बुजवणारा पॅच (दुरुस्तीचा अपडेट) मायक्रोसॉफ्टनं मार्चमध्येच दिला होता. "आत्ता परीक्षा आहेत, अपडेट नंतर बघू" म्हणणाऱ्यांनी ही तारीख लक्षात ठेवावी.

डिस्क काढून कपाटात ठेवली, तरी ती त्याच खोलीत राहते. शॉर्टसर्किट झालं, चोरी झाली, वरची टाकी गळली तर दोन्ही प्रती एकदमच जातात. म्हणून तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर आणि त्यातली एक इमारतीबाहेर, हा जुना नियम अजून कुणी मोडीत काढलेला नाही. "बाहेर" म्हणजे कुठं, हे मात्र कोल्हापुरात जरा विचार करून ठरवावं लागतं. शिवाजी विद्यापीठ उंचावर आहे, तिथं पंचगंगेचं पाणी येत नाही. पण घरी नेलेली दुसरी प्रत शाहूपुरीत तळमजल्यावरच्या कपाटात असेल तर? राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट, आणि २०१९ व २०२१ ला पाणी त्याच्या कितीतरी वर गेलं. दोन्ही वेळा शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्गही बंद पडला. पुण्याहून इंजिनिअर येईल, नवी डिस्क येईल, या भरवशावर त्या आठवड्यात काहीच झालं नसतं. एक प्रत शहराबाहेरच्या क्लाउडवर हवीच.

क्लाउड म्हटलं की लगेच उत्तर येतं, "आमचं सगळं गुगल ड्राइव्हवर आहे." ड्राइव्ह सिंक करतं, म्हणजे दोन्हीकडची प्रत सारखी ठेवतं. तुम्ही इथं फाइल उडवली की तिथलीही उडते आणि ट्रॅशमध्ये ३० दिवस राहते. एप्रिलअखेरीला कुणी "जुनं दिसतंय" म्हणून अंतर्गत गुणांचं फोल्डर साफ केलं आणि उन्हाळी सुट्टी संपल्यावर जूनमध्ये कुणाच्या लक्षात आलं, तर मुदत संपलेली असते. सर्व्हरमधल्या आरशासारख्या दोन डिस्कांचंही (याला रेड म्हणतात) तेच. एक डिस्क मेली तर रेड तुम्हाला तारतं. चुकून पुसलेली फाइल मात्र ते दोन्हीकडून पुसतं. तेव्हा जुन्या आवृत्त्या राखणारा, तारीखवार बॅकअप वेगळा घ्या.

आणि तो उघडून बघा. दर तीन महिन्यांनी दोन-तीन फाइली निवडायच्या, दुसऱ्याच मशीनवर रिस्टोअर करायच्या (बॅकअपमधून परत आणायच्या) आणि ज्याच्या फाइली आहेत त्यालाच वाचायला द्यायच्या. हे सगळ्यात जास्त टाळलं जाणारं काम आहे. मराठी, इतिहास अशा विभागांत तर इथंच खरी मेख असते. जुन्या प्रश्नपत्रिका, अभ्यासक्रम, प्रबंध श्री-लिपी किंवा कृतिदेव अशा जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टंकलेले. फाइल सुखरूप परत येते, उघडली की पडद्यावर नुसती चिन्हं. फाइलबरोबर तो फॉन्ट राखलेलाच नसतो. श्री-लिपीच्या जुन्या आवृत्तीचा डोंगल (सॉफ्टवेअर चालायला कॉम्प्युटरला लावावी लागणारी किल्ली) तर कुणाच्या ड्रॉवरमध्ये आहे, ते कुणालाच ठाऊक नसतं. अशा फाइली आत्ताच युनिकोडमध्ये (कुठल्याही मशीनवर वाचता येणाऱ्या अक्षरांत) बदलून घ्या. जोडाक्षरं, रफार आणि आकडे डोळ्यांनी तपासा आणि मूळ फाइलची पीडीएफही सोबत ठेवा.

बॅकअप रात्रीत पुरा होत नसेल तर सॉफ्टवेअरला शिव्या देण्याआधी केबल बघा. १ टीबी डेटा गिगाबिट (१००० एमबीपीएस) लाइनवर अडीच-तीन तासांत जातो, १०० एमबीपीएसवर निदान २२ तास घेतो. केबलीतल्या आठ तारांपैकी एखादी खुर्चीच्या चाकाखाली तुटली किंवा क्रिंपिंग (टोकाच्या कनेक्टरची जोडणी) कच्चं असलं की लिंक गुपचूप १०० वर उतरू शकते. नेट चालूच असतं, त्यामुळं तक्रार कुणी करत नाही. नेटवर्क कार्डाच्या स्टेटसमध्ये वेग दिसतो, तो एकदा वाचा.

"सर, नेट गेलंय" असा फोन आला की पहिला हात राउटरच्या बटणाकडे जातो. थांबा. एकाचं गेलंय का सगळ्यांचं, ते आधी विचारा. मग त्या मशीनवर कमांड प्रॉम्प्टमध्ये आयपीकॉन्फिग (ipconfig) मारा, मशीनचा नेटवर्कवरचा पत्ता दिसतो. पत्ता १६९.२५४ नं सुरू होत असेल तर मशीनला डीएचसीपीकडून (पत्ते वाटणाऱ्या यंत्रणेकडून) पत्ताच मिळालेला नाही. तेव्हा केबल, स्विचचा पोर्ट, डीएचसीपी सर्व्हर या क्रमानं जा. पत्ता १९२.१६८.०, १९२.१६८.१ असा घरगुती दिसला आणि तुमच्या कॅम्पसची मालिका वेगळी असेल, तर कुणीतरी केबिनमध्ये वायफायसाठी घरचा राउटर आणून लावलाय, आणि भिंतीतली केबल त्याच्या लॅन पोर्टमध्ये खुपसलीय. आता तोच सगळ्या मजल्याला पत्ते वाटत बसतो. मॅनेज्ड (सेटिंग बदलता येणारा) स्विच असेल तर डीएचसीपी स्नूपिंग चालू करा, म्हणजे परक्या राउटरनं वाटलेले पत्ते स्विचच अडवतो, प्रश्नच मिटतो. केबिन कुणाची हे कळल्यावर मात्र जरा गोडीनं सांगा. बहुतेक वेळा ती विभागप्रमुखांचीच निघते.

दुसरा ठरलेला घोळ रंगकाम किंवा साफसफाईनंतरचा. खाली लोंबणारं केबलचं टोक बघून कुणीतरी चांगल्या मनानं ते त्याच स्विचमध्ये खोचतं. लूप होतो, म्हणजे डेटा त्याच स्विचमध्ये गोल गोल फिरत राहतो. स्विचचे सगळे दिवे एकाच वेळी वेड्यासारखे लुकलुकतात आणि मजला ठप्प होतो. निम्म्या केबली काढा, फरक पडतो का बघा, मग उरलेल्यातल्या निम्म्या, असं करत गेलात की ती केबल सापडते. नंतर स्विचमधलं स्पॅनिंग ट्री (असा लूप आपोआप तोडणारी सोय) चालू करा.

वळवाच्या दिवसांत विजेपायी स्विच जळतात. दोन इमारतींमध्ये तांब्याची केबल ओढलेली असेल तर ती काढून फायबर (वीज न वाहणारी काचेची केबल) टाका. यूपीएसच्या बॅटरीवर बसवल्याची तारीख मार्करनं लिहून ठेवा. सुट्टीनंतर लॅबमधल्या जुन्या मशीन कुठलीही साइट उघडायला नकार देत असतील तर घड्याळ बघा. सीएमओएसचा सेल (मशीन बंद असताना घड्याळ चालवणारा मदरबोर्डवरचा सेल) संपून तारीख मागं गेलेली असते, आणि तारीख चुकली की साइटची सुरक्षा प्रमाणपत्रं चालत नाहीत.

विंडोज १० चा सर्वसाधारण सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. लॅबच्या मशीन टप्प्याटप्प्यानं बदलता येतील, पण विज्ञान विभागांत एखादं महागडं उपकरण जुन्या विंडोज एक्सपीवरच चालतं, त्याचं काय? ते चालू द्या. फक्त नेटवर्कपासून तोडा आणि त्याच्या डिस्कची पूर्ण इमेज (जशीच्या तशी नक्कल) काढून ठेवा. ती डिस्क गेली तर उपकरणही पडून राहतं.

कंत्राटी लॅब असिस्टंट नोकरी सोडतो तेव्हाचं एक सांगायला हवं. विभागाचं जीमेल त्यानंच उघडलेलं असतं, ओटीपी त्याच्याच मोबाइलवर जातो. प्रवेशाच्या ऐन गर्दीत लॉगिन अडकतं आणि मग त्याला फोनवर फोन. खातं विद्यापीठाच्या डोमेनवर घ्या, दोन कायम कर्मचाऱ्यांचे नंबर जोडा, बॅकअप कोड (ओटीपीशिवाय लॉगिन करून देणारे) छापून बंद पाकिटात विभागप्रमुखांच्या कपाटात ठेवा.

निर्लेखनाला काढलेल्या कॉम्प्युटरकडे तर कुणी बघतच नाही. डेडस्टॉक रजिस्टरवर (सामानाच्या नोंदवहीवर) शेरा पडतो, भंगारवाला टेम्पो घेऊन येतो आणि विद्यार्थ्यांचे आधार, जातीचे दाखले, बँकेचे तपशील यांच्यासकट डिस्क जाते. फॉरमॅट मारून भागत नाही. डिस्क काढून घ्या, पूर्ण ओव्हरराइट करा (जुन्या डेटावर दुसरा लिहून तो पुसा), बंद पडली असेल तर ड्रिलनं भोकं पाडा, आणि तिचा सीरियल नंबर रजिस्टरात त्याच ओळीवर लिहून सही घ्या.