टोकन विकून भांडवल उभारायचं तर

टोकन म्हणजे प्रकल्पाने ब्लॉकचेनवर, म्हणजे अनेक संगणकांवरच्या सामायिक डिजिटल नोंदवहीत, काढलेलं नाणं. ते निर्माण करणारा आणि विकणारा प्रोग्राम, म्हणजे काँट्रॅक्ट, ब्लॉकचेनवर चढवणं हे यातलं सगळ्यात सोपं काम. ओपनझेपलिन या खुल्या कोड-संग्रहातला तपासलेला ईआरसी-२० (टोकनचा प्रचलित मानक नमुना) कोड घेतला, नाव, चिन्ह आणि संख्या भरली की टोकन तयार. गाडी अडते ती आकड्यांत आणि कायद्यात, म्हणून सुरुवात तिथूनच करा.

आधी विक्रीची कमाल मर्यादा ठरवा. इथेरियम या ब्लॉकचेनच्या इथर या चलनाची विक्री २२ जुलै २०१४ पासून ४२ दिवस चालली. पहिले १४ दिवस एका बिटकॉइनला २,००० इथर, मग उतरत उतरत १,३३७. दर आधी माहीत, पण मर्यादाच नाही; त्यामुळे आपल्या वाट्याला एकूणातला किती टक्के येणार, हे विक्री संपेपर्यंत कुणालाच कळलं नाही. शेवटी सुमारे ६ कोटी इथर विकले गेले आणि वर १.२ कोटी फाउंडेशन व सुरुवातीच्या मंडळींसाठी निर्माण झाले. उलट टोक बघा: मे २०१७ मध्ये बॅट नावाच्या टोकनची साडेतीन कोटी डॉलरची विक्री अर्ध्या मिनिटात संपली. व्यवहाराचं जास्त शुल्क मोजून रांगेत पुढे घुसणाऱ्यांनी माल उचलला. मर्यादा हवीच, पण सोबत माणशी मर्यादाही हवी. तीही केवायसी झालेल्या वॉलेट-पत्त्यांनाच खरेदी खुली ठेवली तर उपयोगाची, नाहीतर एकच जण पन्नास वॉलेट उघडतो.

टीमचा वाटा कुलूपबंद ठेवा. समजा १० कोटींपैकी दीड कोटी टोकन टीमचे आहेत आणि मुदत चार वर्षांची. पहिलं वर्षभर शून्य, वर्ष भरताच ३७.५ लाख, पुढे दरमहा ३,१२,५००. हे काँट्रॅक्टमध्येच लिहा. श्वेतपत्रिकेतल्या (प्रकल्पाच्या माहितीपत्रकातल्या) नुसत्या वचनाला बाजार विचारत नाही, आणि ते बरोबरच आहे.

कोडमधली नेहमीची ठेच दशांशांची. इथर आणि बहुतेक टोकन १८ दशांश स्थानांचे, डॉलरशी बांधलेला यूएसडीसी मात्र ६ चा. दराचं इथरसाठीचं सूत्र तसंच यूएसडीसीला लावलं तर खरेदीदाराला लाख कोटी पट कमी टोकन मिळतात. सेपोलिया चाचणी नेटवर्कवर शेवटची खरेदीही करून बघा: मर्यादेला २ इथर उरलेत आणि कुणी ५ पाठवले, तर व्यवहार नाकारला जातो की ३ परत जातात? बाहेरच्या तज्ज्ञांकडून कोडचं ऑडिट त्यानंतर; आणि ऑडिट झाल्यावर एक ओळही बदलायची नाही.

विक्रीच्या दिवशी धोका काँट्रॅक्टपेक्षा वेबसाइटला जास्त. जुलै २०१७ मध्ये टोकन विकणाऱ्या कॉइनडॅश कंपनीच्या साइटवरचा पैसे पाठवायचा पत्ता हल्लेखोरांनी बदलला आणि काही मिनिटांत सुमारे ७० लाख डॉलरचे इथर भलतीकडे गेले. पत्ता आदल्या दिवशीच तीन-चार ठिकाणी जाहीर करा. एक्स्चेंजच्या (क्रिप्टो खरेदी-विक्रीच्या बाजाराच्या) खात्यातून थेट पैसे पाठवू नका, हे ठळक लिहा. टोकन एक्स्चेंजच्या पत्त्यावर जातात आणि मग तक्रारींचा पाऊस पडतो.

जमा रक्कम पाचपैकी तीन सह्या लागणाऱ्या वॉलेटमध्ये ठेवा आणि दीड-दोन वर्षांचा खर्च लगेच डॉलरमध्ये वळवा. जानेवारी २०१८ मध्ये १,४०० डॉलरवर गेलेला इथर डिसेंबरात शंभराखाली होता. सगळं इथरमध्ये ठेवलेल्या कित्येकांकडे पगारालाही पैसे उरले नाहीत.

वकील मात्र या सगळ्याच्या आधी गाठा. टोकन घेणारा तुमच्या मेहनतीवर नफ्याची आशा ठेवत असेल तर अमेरिकेत ते टोकन रोखा (शेअरसारखी सिक्युरिटी) ठरू शकतं. टेलिग्रामने १७० कोटी डॉलर उभे केले होते. २०२० मध्ये १२० कोटींहून अधिक परत करावे लागले, वर १ कोटी ८५ लाखांचा दंड. युरोपीय संघात मायका या क्रिप्टोविषयक नियमांनुसार श्वेतपत्रिकेचा मजकूर कायद्याने बांधलेला आहे. भारतात टोकन विक्रीसाठी वेगळा कायदा नाही, पण मार्च २०२३ पासून अशा विक्रीशी निगडित वित्तीय सेवा मनी लाँडरिंगविरोधी कायद्यात येतात. त्यामुळे पुण्या-मुंबईतून काम करणाऱ्या टीमने एफआययूकडे (सरकारच्या वित्तीय गुप्तवार्ता विभागाकडे) नोंदणी लागते का, हे आधी तपासावं. खरेदीदाराच्या नफ्यावर ३० टक्के कर आणि हस्तांतरावर १ टक्का टीडीएस आहे, हेही विक्रीच्या पानावरच सांगून टाका.