कंपायलरमधले ट्री बदलायचे रूल वाचता येतील असे कसे लिहायचे

कंपायलर प्रोग्राम झाडासारख्या रचनेत, म्हणजे ट्रीमध्ये, ठेवतो. तो ट्री बदलायचा कोड हाताने लिहिला की इफच्या आत इफ, त्यात कास्ट, त्यात नल चेक, आणि नेमकं काय बदलतंय तेच दिसत नाही. त्यापेक्षा रूल लिहायला एक छोटी भाषा बनवा, आणि त्या रूलपासून कोड तयार करणारा जनरेटर. डावीकडे जुना ट्री, उजवीकडे नवा, मध्ये बाण, बस:

(गुण अ ८) => (डावीशिफ्ट अ ३)

गो भाषेच्या कंपायलरमधल्या रूल फाइल्स साधारण अशाच दिसतात, जीसीसी या कंपायलरची मॅच डॉट पीडी ही रूल फाइल पण लिस्प या कंसांनी भरलेल्या भाषेच्याच वळणाची आहे. एवढे कंस बघून लोक नाक मुरडतात, अ * ८ असंच का नको म्हणतात, आणि साध्या गणितापुरतं ते चालतंही, पण नोडला, म्हणजे ट्रीच्या एकेका गाठीला, टाइप आणि फ्लॅग चिकटवायची वेळ आली की ते लिहायचे कुठे? म्हणून मी कंसवाला.

अट त्याच ओळीत, बाणाच्या आधी:

(वजा अ अ) जर पूर्णांक(अ) => ०

ही अट विसरलात तर फ्लोटमध्ये, म्हणजे दशांश संख्यांत, गोची होते, अनंतातून अनंत वजा केलं तर शून्य नाही, नॅन (‘ही संख्याच नाही’) येतं. आणि अ दोनदा आला म्हणजे दोन्हीकडे तोच नोड की नुसता सारखा दिसणारा, हे आधीच ठरवून टाका, नाहीतर प्रत्येकजण आपापला अर्थ लावणार.

(बेरीज अ ०) आणि (बेरीज ० अ) असे दोन रूल लिहू नका. जीसीसीत दोन्ही बाजू अदलाबदल करून तपासायला ऑपरेटरला कोलन सी (:c) लावतात, गोमध्ये जनरेटरच दोन्ही बाजू तपासतो, मला गोचं बरं वाटतं कारण रूल स्वच्छ राहतो.

ट्री वरून फिरायचा की खालून, हे रूलमध्ये अजिबात घुसवू नका. स्ट्रॅटेगो या ट्री बदलायच्या भाषेने ते वेगळं ठेवलंय, रूल एकीकडे आणि टॉपडाऊन (वरून खाली), इनरमोस्ट (सगळ्यात आतून) वगैरे फिरायच्या स्ट्रॅटेजी दुसरीकडे, त्यामुळे तोच रूल दोन पासमध्ये, म्हणजे कंपायलरच्या दोन फेऱ्यांत, वापरता येतो.

आता खरी डोकेदुखी. (गुण अ २) => (बेरीज अ अ) दिसायला निरागस आहे, पण अ म्हणजे फंक्शन कॉल असेल तर ट्रीमध्ये तो दोनदा चालणार! वरच्या वजाच्या रूलमध्ये उलट, कॉल गायबच होतो. डावी-उजवीकडे एखादं नाव कमीजास्त वेळा आलं आणि साइड इफेक्टची (चालवल्यावर बाहेर काही बदलत नाही ना, याची) अट नसली तर जनरेटरने तिथेच एरर द्यावी, रूलच्या लाइन नंबरसकट.